उरणच्या खाडीकांठीं

प्रवास म्हटला कीं आपल्याकडील कुटुंबांत काशी-रामेश्वराची, पंढरीची, नाहीं तर महाबळेश्वरासारख्या थंड हवेच्या ठिकाणाची आठवण होते. मुंबईच्या समोरच, पाण्यापलीकडे तासाभराच्या अंतरावर जें उरण आहे तेथें मुद्दाम पाहावयास म्हणून कोणी जात नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं तेथें जाण्याचें ठरविलें तेव्हां घरांतील मंडळींनीं "तेथें पाहण्यासारखें काय आहे?" असा प्रश्न केला. प्रश्न वाजवीच होता. आमचे एक जुने विद्यार्थी तिकडील शाळेंत शिक्षक आहेत. त्यांचें बोलावणें पुष्कळ दिवसांचें होतें. शिवाय तेथील कोळी मंडळींनीं आपल्या गेलेल्या उपजीविकेच्या भरपाईसाठीं जो दीर्घ कज्जा चालविला त्याविषयीं त्यांनीं पत्रांतून वारंवार लिहिलें होतें, तें स्थळ आपल्या डोळ्यांनीं पाहावें अशी इच्छा होती. जें पाहिलें तें देवळाच्या कळसासारखें दुरून दिसणारें नाहीं. म्हणूनच तें वाचकांपुढें मांडावेंसें वाटतें.

उरणला जाण्यास आतां तीन वाटा आहेत. शिवडीहून समुद्रावरून चिर्ल्याकडे जाणाऱ्या, सुमारें २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचें उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजीं झालें, आणि त्याच दिवशीं खारकोपरपर्यंत येणारी आगगाडी पुढें उरणपर्यंत नेण्यांत आली. तिसरी वाट जुनी; भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरास जाणाऱ्या लाँचची. ज्या पाण्याविषयीं ऐकावयाचें तें पाणी आधीं पाहावें, या विचारानें आम्हीं तीच पत्करली. वारा पडलेला होता. डाव्या हातास जवाहर द्वीप आणि त्याच्या धक्क्यास लागलेलीं तेलाचीं जहाजें, त्यामागें घारापुरीचा डोंगर, आणि त्याच्याही पलीकडे धुक्यांतून डोकें वर काढणारीं न्हावाशेवा बंदराचीं उंच यंत्रें दिसत होतीं. शैव शिल्पाच्या दर्शनासाठीं घारापुरीस जाणारे प्रवासी पुष्कळ; त्या यंत्रांच्या पायाखालीं पूर्वीं काय होतें हें विचारणारा मात्र विरळा. मोरा बंदरांत गाळ इतका सांचला आहे कीं मोठ्या ओहोटीच्या वेळीं लाँच धक्क्यास लागूं शकत नाहीं, व फेऱ्या थांबवाव्या लागतात. आम्ही भरतीच्या वेळेस पोहोंचलों, म्हणून विनासायास उतरलों.

उरण हें एके काळीं बेटच होतें; करंजा बेट या नांवानें जुन्या कागदपत्रांत तें आढळतें. दक्षिणेस द्रोणागिरीचा डोंगर आहे. लक्ष्मणासाठीं मारुतिराय पर्वत घेऊन चालले असतां त्याचा एक तुकडा येथें पडला अशी तिकडील समजूत आहे. एका बाजूस भाताचीं शेतें, दुसऱ्या बाजूस मिठागरें, आणि या दोहोंच्या मधून बोटांसारख्या पसरलेल्या खाड्या, असें या भूमीचें जुनें रूप. शेतकरी, आगरी व कोळी या तिघांचेंही पोट एकाच भरती-ओहोटीवर अवलंबून असे. भरतीचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून एक बांध घाली, तेंच पाणी मिठागरांत मोजून घेण्यासाठीं दुसरा दार ठेवी, आणि तिसरा त्याच पाण्याच्या ओढीवर आपलें जाळें लावी. अन्याय मुकाट्यानें सोसण्याचा या लोकांचा स्वभाव नाहीं. याच तालुक्यांतील चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहांत गोळीबार झाला व माणसें कामास आलीं, हें सर्वश्रुत आहे.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. पुढें न्हावाशेव्यास बंदर व्हावयाचें म्हणून आणखी भूसंपादन आलें. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, व त्यांत पांच जण प्राणांस मुकले. त्या लढ्याचें फळ म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत द्यावा हें तत्त्व पुढें शासनास मान्य करावें लागलें. २६ मे १९८९ रोजीं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. आज देशांतील प्रमुख सरकारी बंदरांतून जी कंटेनरांची ने-आण होते तिचा सुमारें निम्मा भाग या एका बंदरांतून जातो. आपल्या घरांतील यंत्रें, औषधें, मुलांचीं खेळणीं यांपैकीं कितीतरी जिन्नस याच वाटेनें आलेले असतात. तेव्हां बंदर वाईट आहे असें म्हणण्याचा आमचा अधिकार नाहीं, आणि तसें आम्हांस म्हणावयाचेंही नाहीं. प्रश्न एवढाच कीं, बंदराचा लाभ सर्वांनीं घ्यावयाचा तर त्याची किंमत कोणीं द्यावयाची?

वरील हकीकतींत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल. साडेबारा टक्के मिळाले ते ज्याची जमीन गेली त्यास. ज्याची जमीन नव्हती, पण खाडी होती, त्याचें काय झालें? हें पाहण्यासाठीं आमचे विद्यार्थी आम्हांस प्रथम हनुमान कोळीवाड्यांत घेऊन गेले.

मोरा बंदराजवळची ही वस्ती जुनी नव्हे. मूळचा शेवा कोळीवाडा बंदराच्या जागेंत आला, तेव्हां १९८५ सालीं तेथील २५६ कुटुंबांना उठवून येथें वसविण्यांत आलें. वस्तीचें नांव मारुतीचें, पण संकट वाळवीचें. घरांच्या चौकटी, वासे, कपाटें, फार काय, भिंतीवरील देवांच्या तसबिरींच्या चौकटीसुद्धां वाळवीनें पोखरलेल्या आम्हीं पाहिल्या. एका घरीं गृहिणीनें दाराच्या चौकटीवर बोट टेकलें तों आंतून पिठासारखा भुसा गळूं लागला. दाटीवाटीनें उभीं असलेलीं घरें, वाढलेलीं कुटुंबें, आणि पुनर्वसनाची ठरलेली जागा पुरी मिळावी म्हणून चाललेले अर्ज; असा हा चार दशकांचा संसार आहे. मागणीकडे लक्ष वेधण्यासाठीं जहाजांचा मार्ग होड्या घालून अडविण्याचें आंदोलन या लोकांनीं एकाहून अधिक वेळां पुकारलें.

एका ओट्यावर एक वृद्ध नाखवा जाळें विणीत बसले होते. आमच्या विद्यार्थ्यानें ओळख करून देतांच त्यांनीं जाळें बाजूस ठेवून आम्हांस बसण्यास घोंगडी दिली. वय ऐशींच्या पुढें, पण बोटें चपळ. "नाखवा, आतां होडी कोठें नेतां?" असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "नेऊ कुठं गुरुजी? शेतकऱ्याचे जमिनीला सातबारा हाय. आमी पान्यावर जगलो. पान्याला कंचा सातबारा?"

या एका वाक्यांत साऱ्या कज्ज्याचें सार आहे. आमच्या कायद्याला जमीन समजते, कारण तिला चतुःसीमा आहे, गट नंबर आहे, तलाठ्याच्या दप्तरांत नांव आहे. खाडीवर कोळ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क होता. कोणत्या वांकणावर कोणाचे खुंटे, कोणत्या मुखाशीं कोणीं जाळें लावावयाचें, हें गांवांत ठरलेलें असे व तें पाळलें जाई. पण तो हक्क कोठेंही लिहिलेला नव्हता. आणि जें लिहिलेलें नाहीं तें गेलें असें कचेरींत दाखवावयाचें तरी कसें?

आमच्या घरीं मासळी शिजत नाहीं. पुष्कळ वाचकांच्या घरींही ती शिजत नसेल. म्हणून या धंद्याची रीत थोडी विस्तारानें सांगतों. ती कळल्यावांचून नुकसान कशाचें झालें तें कळावयाचें नाहीं. खोल समुद्रांत यांत्रिक नौका घेऊन जाणारे कोळी निराळे. खाडींतला कोळी लहान होडी घेऊन जातो किंवा पायींच उतरतो. त्याचें मुख्य जाळें म्हणजे डोल. त्याचाच लहान प्रकार बोकशी. हें जाळें एखाद्या लांब पिशवीसारखें असतें, तोंड रुंद आणि शेंपूट अरुंद. तें खुंट्यांना किंवा नांगराला बांधून पाण्याच्या ओढीसमोर उघडें ठेवावयाचें. मासे पकडण्यास माणूस धावत नाहीं. वाहतें पाणीच जवळा, कोळंबी, बोंबील आणून पिशवींत घालतें. भरती व ओहोटी दिवसांतून दोनदां होतात आणि त्यांची वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. त्यामुळें कोळ्याचा दिवस घड्याळावर नव्हे, तर तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें, मुंबईच्या बंदरांत पाणी साडेचार-पांच मीटरपर्यंत चढतें, ओढ जोरदार असते व जाळें भरतें. अष्टमीच्या आसपास भांग येतो, ओढ मंदावते, मिळकतही घटते. पंचांग आपल्या घरांतही असतें. आपण तें मुहूर्तासाठीं उघडतों, कोळी भाकरीसाठीं.

आतां बांध घातला, भराव टाकला, पूल किंवा धक्का बांधला, म्हणजे काय होतें तें पाहावें. खाडीचें तोंड अरुंद होतें. पाणी आंत येतें, पण पूर्वीच्या ओढीनें येत नाहीं. ओढ गेली कीं दोन गोष्टी घडतात. वाहत्या पाण्याबरोबर जाणारा गाळ जागच्या जागीं बसूं लागतो, खाडी उथळ होते व होडी चिखलांत रुतते. आणि ज्या जाळ्याचें सारें बळ पाण्याच्या ओढींत, तें जाळें निरुपयोगी ठरतें. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यास पाणी दिसतें, आणि तो प्रामाणिकपणें विचारतो, "पाणी तर आहे, मग तुमचें गेलें काय?" पाणी आहे, पण चाल गेली. विहिरींत पाणी आहे आणि मोटेचा बैल मेला आहे, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें नुकसान तिवरांचें. खाडीच्या दोन्ही तीरांवर चिखलांत वाढणारीं हीं खुजीं झाडें दिसावयास कुरूप, पण त्यांच्या मुळांच्या जाळींत कोळंबीचीं व माशांचीं पिलें आसरा घेतात. रायगडाकडील खवय्ये ज्याचें नांव आदरानें घेतात तो जिताडा याच खाजणांत वाढतो. तिवर तोडलें म्हणजे पाळणाघर मोडलें. मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१८ मधील निकालानें राज्यांतील तिवरांच्या तोडीस बंदी केली. पण उरणच्या किनाऱ्यावरील भराव त्याच्या पुष्कळ आधीं सुरू झाले होते. तिसरें नुकसान जहाजांच्या वाटेचें. मोठीं जहाजें जावयाचीं म्हणजे मार्ग खोल खणावा लागतो आणि त्या वाटेंत खुंटे ठोकतां येत नाहींत. शिवाय अपघाताचें भय निराळेंच. ७ ऑगस्ट २०१० रोजीं एम. एस. सी. चित्रा हें जहाज याच बंदराच्या तोंडाशीं दुसऱ्या जहाजावर आदळलें, शेंकडों टन तेल पाण्यांत पसरलें, आणि दोष नसतां कोळ्यांच्या चुली थंडावल्या.

दुपारीं ओहोटी लागल्यावर आम्ही उरण कोळीवाड्याच्या कडेनें खाडीकडे गेलों. उघड्या पडलेल्या चिखलांत तीन-चार बायका गुडघ्यापर्यंत रुतून कांहीं वेंचीत होत्या. कांठावर आल्या तेव्हां पाट्या पाहिल्या: थोडीं कालवें, मूठभर निवट्या, पांच-सहा चिंबोऱ्या. त्यांतल्या एकीस आमच्या विद्यार्थ्यानें "आज काय मिळालें, काकी?" म्हणून विचारलें. "मीठ-मिरचीपुरतं," एवढेंच ती म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे चालूं लागली. या बाईच्या नांवावर होडी नाहीं, जाळें नाहीं, परवाना नाहीं. होड्यांची नोंदवही पाहून भरपाई ठरवूं लागलें तर तिचें नांव कोठेंच सांपडणार नाहीं. वस्तुतः पकडलेली मासळी निवडणें, सुकविणें, डोक्यावरून बाजारांत नेणें व विकून पैका घरीं आणणें हें सारें बायकाच करतात. कोळ्याच्या घरची तिजोरी तिच्या कनवटीस असते. आपल्या एकत्र कुटुंबांत मिळविता एक व खाणारे दहा, हें आपणांस ठाऊक आहे. येथें मिळविते सारे, आणि गेलें तें साऱ्यांचेंच गेलें.

या परिस्थितींत उरण, हनुमान, गव्हाण व बेलपाडा या चार कोळीवाड्यांतील पारंपरिक मच्छीमारांनीं २०१३ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें येथील पीठाकडे धांव घेतली. बंदराच्या चौथ्या कंटेनर तळासाठीं होत असलेला भराव, तिवरांची तोड व खाडीच्या वाटांचा अवरोध यांमुळें आमची उपजीविका गेली, असें त्यांचें म्हणणें. न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यांत एक मोठें तत्त्व आहे. ज्यानें पर्यावरण बिघडविलें त्यानें तें भरून द्यावें, आणि त्यासाठीं त्याची बुद्धि वाईट होती असें सिद्ध करण्याची गरज नाहीं. २७ फेब्रुवारी २०१५ रोजीं निकाल लागला. १,६३० कुटुंबांस ९५ कोटी १९ लक्ष २० हजार रुपये द्यावेत, आणि ते बंदर, सिडको व तेल व नैसर्गिक वायु महामंडळ यांनीं मिळून द्यावेत, असा हुकूम झाला. पुढें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि वाट पाहण्याचे दिवस आणखी वाढले.

या निकालाचें महत्त्व रकमेहून अधिक आहे. होडी नव्हे, परवाना नव्हे, तर कुटुंब हें माप धरलें गेलें. आणि ज्याचा सातबारा नाहीं असा वहिवाटीचा धंदाही भरपाईस पात्र असतो, हें एका न्यायासनानें कागदावर लिहून दिलें. तथापि शिक्षकाचा धंदा केलेल्या मनुष्यास आंकडा दिसला कीं भागाकार केल्यावांचून राहवत नाहीं. वरील रक्कम कुटुंबांवर वांटली म्हणजे प्रत्येकीं ५ लक्ष ८४ हजार येतात. एकदम ऐकतांना आंकडा मोठा वाटतो. दोन वर्षांवर पसरला तर तो दिवसास ८०० रुपये पडतो; म्हणजे एका कष्टाळू कुटुंबाची वाजवी कमाई. पण गेलेली खाडी दोन वर्षांनीं परत येत नाहीं. तोच आंकडा २५ वर्षांवर पसरून पाहावा. दिवसास बरोबर ६४ रुपये येतात. पांच माणसांच्या कुटुंबांत माणशीं १३ रुपयेही नव्हेत. न्यायाधिकरणाचा अनादर करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यानें जें दिलें तें दुसऱ्या कोणींही दिलें नव्हतें. परंतु एकरकमी पैका हा पाहुण्यासारखा असतो. मुलीचें लग्न, घराची दुरुस्ती, दवाखाना, सावकार, एवढें उरकून तो निघून जातो. धंदा हा घरचा मनुष्य. पाहुण्याच्या येण्यानें घरच्याची उणीव भरून निघत नाहीं.

'वाजवी भरपाई' हे शब्द आतां कायद्याच्या नांवांतच आले आहेत. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा वाजवी भरपाई व पारदर्शकता यांच्या हक्काचा म्हणून ओळखला जातो, आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अमलांत आहे. त्यांत 'बाधित कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येंत मच्छीमार व नावाडी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संपादनापूर्वीं तीन वर्षें ज्यांची मुख्य उपजीविका पाण्यावर होती तींही कुटुंबें त्यांत येतात. ही मोठी सुधारणा होय. मात्र हा कायदा जागा होतो तो जमीन घेतली म्हणजे. समुद्र कोणाकडून घ्यावा लागत नाहीं. त्यांत भराव टाकला कीं जमीन आपोआप निर्माण होते. म्हणून ज्या ठिकाणीं कोळ्याचें सर्वांत अधिक जातें, त्याच ठिकाणीं या कायद्याचें दार उघडण्यास अडचण पडते. हें उणें न्यायालयांनीं थोडें भरून काढलें आहे. ठाण्याच्या खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणीं वाशीच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेनें अर्ज केला होता. त्यावर १२ ऑगस्ट २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें पूल होऊं दिला, पण खाडींत मासेमारी करण्याचा वहिवाटीचा हक्क मानला, बाधितांस भरपाई देण्यास सांगितलें, व राज्यानें याविषयीं धोरण ठरवावें असें बजाविलें. एकेका गांवानें दरवेळीं न्यायालयाची पायरी चढावयाची आणि तोंपर्यंत बांधकाम पुरें व्हावयाचें, हा क्रम त्याशिवाय मोडणार नाहीं.

संध्याकाळीं विद्यार्थ्याच्या घरीं बसलों असतां आमच्या मनांत दोन जुन्या गोष्टी आल्या. पहिली महाभारताच्या आदिपर्वांतील. शंतनु राजानें सत्यवतीस मागणी घातली तेव्हां तिचा पिता दाशराज, म्हणजे कोळ्यांचा नायक, हस्तिनापुराच्या वैभवानें दिपला नाहीं. माझ्या मुलीच्या पुत्रासच राज्य मिळेल असें वचन आधीं द्या, मग मुलगी देतों, असें त्यानें सांगितलें. आणि देवव्रतानें प्रतिज्ञा केल्यावरच तें कन्यादान झालें. दुसरी गोष्ट कौटिल्याची. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावाध्यक्षाचें प्रकरण आहे. मासे पकडणाऱ्यांनीं होडीच्या भाड्यादाखल सहावा भाग द्यावा असें त्यांत म्हटलें आहे. पण त्याच प्रकरणांत असेंही म्हटलें आहे कीं, पुरेसे नावाडी व साधनें नसल्यामुळें किंवा डागडुजी न केल्यामुळें नाव बुडाली, तर तींतील मालाचें नुकसान नावाध्यक्षानें भरून द्यावें. भाग घेणारा तोच नुकसान भरणारा, हा न्याय कौटिल्यासारख्या कठोर शास्त्रकारासही मान्य होता. अट आधीं ठरावी, आणि नुकसान करणारानें तें भरावें, या दोन गोष्टी कोणा परदेशांतून आणावयाच्या नाहींत. त्या आपल्याच पोथींत आहेत.

अट आधीं ठरली म्हणजे काय साधतें याचें उदाहरण मुंबईंतच आहे. वरळीच्या किनाऱ्यावरून सागरी रस्ता जावयाचा होता. जेथून होड्या आंत-बाहेर करतात तेथें पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवण्याचें ठरलें होतें. एवढ्या अरुंद वाटेंतून उसळत्या पाण्यांत होडी काढणें म्हणजे ती खांबावर आपटणें होय, असें कोळ्यांनीं सांगितलें व ते अडून बसले. दीर्घ वादानंतर डिसेंबर २०२२ मध्यें तें अंतर १२० मीटर करण्याचें शासनानें मान्य केलें. रस्ताही झाला आणि होडीची वाटही राहिली. कोणत्याही भरपाईहून ही भरपाई श्रेष्ठ, कारण येथें भरून देण्याजोगें नुकसानच कमी झालें. समुद्रावर साठ वर्षें काढलेल्या मनुष्याचें म्हणणें नकाशा काढण्यापूर्वीं ऐकलें असतें, तर हा वादही झाला नसता.

हा प्रश्न उरणपुरता असता तर जुनी गोष्ट म्हणून सोडून देतां आला असता. पण डहाणूजवळ वाढवण येथें उरणच्या बंदराहूनही मोठें बंदर व्हावयाचें आहे. जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें त्यास मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्याची कोनशिला बसविण्यांत आली. खर्च सुमारें ७६,२०० कोटी रुपये आहे, आणि समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव टाकावयाचा आहे. या १,४४८ हेक्टरांचा सातबारा कोणाच्याही नांवें नाहीं. पण त्यावर जाळें टाकणारे हात पुष्कळ आहेत. त्या किनाऱ्यावरील कोळ्यांनीं या बंदरास वर्षानुवर्षें विरोध केला आहे. हा विरोध योग्य कीं अयोग्य हें येथें सांगावयाचें नाहीं. परंतु ९५ कोटींच्या निकालासाठीं उरणच्या कोळ्यांना बंदर सुरू झाल्यापासून पाव शतक थांबावें लागलें, हें स्मरून तेथील माणसांची मोजदाद पहिला दगड पाण्यांत पडण्यापूर्वीं व्हावी, एवढें तरी सर्व पक्षांस मान्य व्हावें. ती मोजदाद कुटुंबवार असावी. तींत होडीवाला, खलाशी, जाळें विणणारा आणि चिखलांतून कालवें वेंचणारी बाई हीं सारीं यावींत. पैका एकदांच न देतां धंदा जोंवर बुडालेला राहील तोंवर कांहीं नियमित मिळत राहावें. आणि जेवढी खाडी उरेल तेवढीची चाल मोकळी ठेवावी. हें फार झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

या मासिकाच्या वाचकांस हें सांगण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण असें कीं, कोळ्याची होडी जरी आपल्या घरीं नसली तरी त्याचा कागद आपल्या घरीं आहे. आपलींच मुलें, जांवई, पुतणे हे अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, वकील आहेत, सरकारी कचेऱ्यांतून व मोठ्या कंपन्यांतून अहवाल लिहितात. त्या अहवालांत 'बाधित व्यक्ती' असा एक रकाना असतो. ज्या जागेचा सातबारा निघत नाहीं तिच्यापुढें त्या रकान्यांत 'निरंक' हा शब्द लिहिणें फार सोपें असतें. लिहिणाराच्या मनांत कपटही नसतें. तो शब्द मात्र खाडीच्या बांधाइतकाच भक्कम असतो, आणि पुढें पंचवीस वर्षें तो फोडीत बसावें लागतें. म्हणून घरांतील अशा तरुण मंडळींस आमची विनंती आहे: 'निरंक' लिहिण्यापूर्वीं पंचांगांत तिथि पाहावी, ओहोटीची वेळ काढावी, आणि एकदां स्वतः खाडीवर जाऊन यावें.